तिसरा परिच्छेद

सातवीत असल्यापासून मी दुसऱ्यांचे अर्ज लिहीत आले. कोकणातल्या आमच्या वाडीत मराठी शाळेच्या पुढे फारसं कोणी गेलं नव्हतं आणि माझं अक्षर बरं होतं, एवढंच कारण. नळाला पाणी नाही, विजेचा खांब वाकलाय, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचंय, असं काही निघालं की माणसं फुलस्केप कागद घेऊन आमच्या ओट्यावर येत. शेजारी एक निवृत्त तलाठी राहायचे. रीत त्यांनी शिकवली. वर विषय, मग महोदय, मग हकिकत, आणि शेवटी ‘हे शक्य नसल्यास निदान’ असं म्हणून दुसरी, लहान मागणी.

“एकच गोष्ट मागितलीस तर सरकारला नाही म्हणायला सोपं जातं,” ते म्हणायचे. “दोन माग. दुसरी तरी पदरात पडते.”

आमच्या वाकलेल्या खांबाला तशी एक टेकण मिळाली होती. खांब सरळ झाला नाही, पण पडलाही नाही. मला ती रीत फार शहाणपणाची वाटायची.

बारावी झाल्यावर आई आणि मी सिंगापूरला बाबांकडे आलो. ते जहाजावर फिटर म्हणून लागले होते, नंतर किनाऱ्यावरच्या एका दुरुस्ती कंपनीत सुपरवायझर झाले. एम्प्लॉयमेंट पास मिळाला म्हणून आम्हाला येता आलं. आंग मो किओला एका फ्लॅटमधल्या दोन खोल्या भाड्याने होत्या. मला कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा बाबांनी ते पत्र पाकिटातून काढून तीनदा वाचलं. त्यातलं त्यांना सगळं कळलं असेल असं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ही नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं.

रविवारी बाबा मासे धरायला जायचे. पश्चिमेकडच्या एका जेटीवरून एक म्हातारा त्याच्या होडीतून गळ टाकणाऱ्यांना दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत न्यायचा. बाबा त्याला पाक चिक म्हणत, म्हणजे काका. बंदरात राहून बाबांना बाजारी मलय चांगली यायची. मला तुटकतुटक. मी होडीत पुस्तक घेऊन बसायचे म्हणून पाक चिकने माझं नाव चिकगू ठेवलं, म्हणजे मास्तरीण. “चिकगू, मासे पुस्तकाला लागत नाहीत,” असं दर रविवारी एकदा तरी म्हणायचा आणि दर रविवारी स्वतःच हसायचा.

त्याचं गाव एका लहान बेटावर होतं. पाण्यात रोवलेल्या खांबांवर घरं, एक मशीद, मागच्या उंचवट्यावर कबरी आणि एकच जेटी. ही समुद्राची माणसं. त्यांचे पूर्वज होडीतच जन्मायचे आणि होडीतच मरायचे, समोर शहर नव्हतं तेव्हापासूनचे. पण सरकारी फॉर्मवर त्यांच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. ‘मलय’वर खूण करायची आणि पुढे जायचं. जमिनीचा कागद त्यांच्याकडे नव्हता. कारण ते आले तेव्हा कागद देणारं कोणी नव्हतं. त्यामुळे त्यांना दरवर्षी ‘तात्पुरतं राहण्याचा’ परवाना मिळायचा. पणजोबाच्या कबरीशेजारी राहणाऱ्या माणसाला तात्पुरता परवाना. हे ऐकलं तेव्हा मला आमचे पास आठवले. आम्ही तर खरोखरच तात्पुरते होतो.

पाक चिकची बायको, माक चिक, आणि तिची थोरली बहीण शेजारीशेजारी राहायच्या. दोन घरांमध्ये फळ्यांचा एक पूल होता, जेमतेम आठ पावलांचा. थोरलीला नीट दिसत नव्हतं, पण त्या फळ्यांवरून ती माझ्यापेक्षा भरभर चालायची. भात एकीकडे शिजायचा, कालवण दुसरीकडे. जेवताना एक भांडं त्या पुलावरून कायम ये-जा करत असायचं.

मग सरकारला बेट हवंसं झालं. कशासाठी ते गावात कोणालाच नक्की माहीत नव्हतं. कोणी तेलाच्या टाक्या म्हणे, कोणी कचऱ्याची भरणी. जवळच्याच बेटावर एका कंपनीचा लांब मुदतीचा करार होता, तिला कोणी हलवत नव्हतं. यांनी मात्र शहरातल्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. तसं पत्र आलं, आणि घरांवर नंबर रंगवायला माणसं येणार असं ठरलं.

त्या दिवशी मी बाबांबरोबर बेटावर होते, म्हणून पाहिलं. सकाळी सरकारी लाँच दिसली तशी गावातली सगळी माणसं जेटीवर जाऊन बसली. बायका, म्हातारे, पोरं, प्रत्येकाच्या पुढ्यात घमेलं आणि हातात सुरी. सगळे मासे साफ करू लागले. पाच जणांनी जमून काही म्हणायचं तरी परवानगी लागते, असं त्या देशात सगळ्यांना वाटायचं. मासे साफ करायला लागत नाही. लाँचमधून तीन जण उतरले, हातात रंगाचा डबा. पाय ठेवायला जागा नव्हती. आतडी, खवले, पाणी.

“जरा बाजूला व्हा, आम्हाला जायचंय,” त्यांच्यातला मोठा मलयमध्ये म्हणाला.

“जा की,” माक चिक मान वर न करता म्हणाली. “तुमचे बूट चांगले आहेत. आमचं काय, आम्ही मासेच साफ करतोय.”

“रोज इथेच करता?”

“रोज तुम्ही कुठे येता?”

मागून कोणीतरी खुसखुसलं. एक जण पुढे सरकला, खवल्यावरून घसरला आणि रंगाचा डबा समुद्रात गेला. तीनचार लोकांनी अगदी सभ्यपणे त्याला उठवलं, त्याची पँट पुसली. लाँच परत गेली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. घोषणा नाहीत, फलक नाहीत. इतकी मोठी ताकद इतक्या साध्या हातांनी अडवलेली मी पुन्हा पाहिली नाही.

पण पत्राला उत्तर पत्राने द्यायला हवं, असं गावात बोलणं निघालं. ते इंग्रजीत लिहायचं कोणी? बेटावरच्या मुलांना इंग्रजी येत होतं. पाक चिकचा मुलगा शहरात सरकारी नोकरीत होता, त्याला तर छान येत होतं. “त्याचं अक्षर नको,” पाक चिक बाबांना म्हणाला. “कोणाच्याच पोरांचं नको. त्यांना तिथे जगायचंय. चिकगू लिहील?”

परतताना बाबांनी गळ गुंडाळून ठेवले. घरी आल्यावर आईला म्हणाले, “हिला समजाव. पास रिन्यू व्हायचाय. आपण इथे पाहुणे.”

“तुम्ही त्याचे मासे दहा वर्षं खाताय,” आई म्हणाली. “तेव्हा नव्हता पाहुणे?”

शेवटी ठरलं की मी लिहायचं, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचं, पण माझं नाव कुठे येता कामा नये. मला त्याची लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

पाक चिकने मजकूर सांगितला. त्यातले शब्द बोटांवर मोजता येतील एवढेच होते. “आम्ही इथे तुमच्या आधीपासून आहोत. आम्ही उठणार नाही. एवढंच लिही.”

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच. आणखी काही मागायचं नाही.”

मी तीन दिवस लिहीत होते. पहिल्या परिच्छेदात बेटाची हकिकत, दुसऱ्यात ‘आम्ही हे गाव सोडू इच्छित नाही’. मला ते उघडंबोडकं वाटायला लागलं. उर्मट वाटायला लागलं. माझ्या हाताला सवय होती. मी तिसरा परिच्छेद लिहिला: हे शक्य नसल्यास निदान सर्व कुटुंबांना समुद्राजवळ, एकाच इमारतीत घरं मिळावीत, ही नम्र विनंती. लिहून झाल्यावर डोळ्यांपुढे दोन बहिणींचा फळ्यांचा पूल आला आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. इतकं कोणाला सुचलं नसतं, असं मला खरंच वाटलं.

पुढच्या रविवारी मशिदीच्या पडवीत, पोरांना यातून लांब ठेवून, मी पत्र मराठीत वाचलं आणि बाबांनी मलयमध्ये सांगितलं. दोन परिच्छेद झाल्यावर माणसं माना डोलवू लागली. तिसऱ्यापाशी मी थांबले. पाक चिकने विचारलं, “खाली काय आहे?”

“शेवटचं नम्रतेचं असतं ते,” मी म्हणाले. “पत्रात लिहावं लागतं.”

मी हे मुद्दाम केलं का, हे मला आजही सांगता येत नाही. खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलं नव्हतं. त्याने ‘आणखी काही मागायचं नाही’ म्हटलेलं मला आठवत होतं, एवढं मात्र नक्की. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले तेच मलयमध्ये सांगितलं.

मग सह्या झाल्या. सहीपुढे ओळखपत्राचा नंबर घालायचा होता, तिथे सगळे जरा थबकले. माक चिक पहिली उठली. मग थोरली बहीण आली, तिचा हात धरून माक चिकने तिचा अंगठा जागेवर ठेवला.

त्या दिवसांत मरीन परेडच्या एका खाजगी, महागड्या काँडोत मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं. मी कधी नव्हे ते बेटाबद्दल बोलले. यजमान काकू, नवरा मोठ्या कंपनीत मॅनेजर, हातात वाण घेऊन थांबल्या. “अगं, पाण्यावरच्या झोपड्या सोडून लिफ्टचा फ्लॅट मिळतोय, तर रडतायत कशाला?”

त्यांची मुलगी सोफ्यावरून म्हणाली, “न्यू फ्लॅट सम मोअर. स्टिल कम्प्लेन, लाह.”

म्हणजे, वर नवा फ्लॅट, तरी तक्रार. सगळ्या हसल्या. आईने कुंकू लावून घेतलं आणि आम्ही खाली बसस्टॉपवर येऊन उभ्या राहिलो.

उत्तर महिन्याभराने आलं. पाक चिकने ते बंद पाकिटातच जेटीवर आणलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, “चिकगू, वाच.”

पत्र सभ्य होतं. आपल्या पत्रातील तिसऱ्या परिच्छेदात रहिवाशांनी स्थलांतराची तयारी दर्शवली आहे, याबद्दल समाधान वाटतं. त्यांच्या विनंतीचा शक्य तितका विचार केला जाईल. नंबर घालण्याच्या कामी सहकार्य व्हावं. दुसऱ्या परिच्छेदाचा उल्लेखच नव्हता. जणू तो मी लिहिलाच नव्हता.

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी होडीचा दोर पुन्हा बांधला, मग मलयमध्ये सांगितलं. पाक चिकने मला विचारलं, “तयारी कोणी दाखवली?”

मी माझ्या पत्राची प्रत काढली आणि तिसरा परिच्छेद पहिल्यांदा पूर्ण वाचला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “हे तुला कोणी सांगितलं होतं?” एवढंच म्हणाला. मी तलाठीकाकांचं काय सांगणार होते?

गावात ज्यांना आधीपासून जावंसं वाटत होतं, आणि तसेही काही होते, ते आता म्हणू लागले, तुम्हीच तर सही केलीत. ज्यांना जायचं नव्हतं ते एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, की हे माझ्याकडून कोणी लिहून घेतलं. लाँच आली तेव्हा जेटीवर पाचसहा घमेली होती. मधून चालायला भरपूर जागा होती. दुपारपर्यंत सगळ्या घरांवर नंबर पडले. माक चिकचा आणि तिच्या बहिणीचा नंबर लागोपाठचा होता.

घरं मिळाली तेव्हा ती मात्र लागोपाठ मिळाली नाहीत. कोणत्या इमारतीत कोणत्या वंशाची किती घरं असावीत, याची तिथे मर्यादा असते. ज्या इमारतीत जागा होत्या तिथला मलय लोकांचा वाटा भरत आला होता. म्हणून आधी ज्यांना वेगळा रकाना मिळाला नव्हता, त्यांना आता त्या ‘मलय’ रकान्यामुळेच एकमेकांपासून वेगळं करण्यात आलं. शहराच्या चार टोकांना चार घरं, असं ते बेट वाटलं गेलं. माक चिक अकराव्या मजल्यावर, तिची बहीण दोन बस बदलून जायच्या अंतरावर. बहिणीने घराबाहेर पडणं सोडलं. लिफ्टचं बटण तिला सापडत नव्हतं.

बाबांनी रविवार सोडून दिले. पाक चिकची होडी विकली गेली होती, पण कारण ते नव्हतं.

वर्षभराने त्यानेच बाबांना निरोप पाठवला. आम्ही गेलो. माक चिकने चहा दिला आणि म्हणाली, बहिणीला या इमारतीत आणायचंय, अर्ज लिहायचाय. इथे कोणी ओळखीचं नाही. मी पेन काढलं. पाक चिक खिडकीपाशी होता, वळला नाही. त्याने मला त्या दिवशी चिकगू म्हटलं नाही, पुढेही कधी नाही.

“काय लिहू?” मी विचारलं.

“माझ्या बहिणीला माझ्याजवळ घर द्या,” माक चिक म्हणाली.

मी तेवढंच लिहिलं. एक वाक्य. खाली रिकामा कागद पाहून हात शिवशिवत होता. तो मी मांडीखाली धरला.

उत्तर लवकर आलं. या इमारतीत त्यांच्या समाजाचा ठरलेला वाटा पूर्ण झाला असल्याने विनंती मान्य करता येत नाही. मी ते वाचलं, वरच्या पत्त्यापासून खालच्या सहीपर्यंत, एकही शब्द न गाळता. बाबांनी एकेक शब्द सांगितला.

पाक चिकने हात पुढे केला. मी कागद दिला. “खाली अजून काही आहे?” त्याने बाबांना विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले.

त्याने कागद उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि कोऱ्या बाजूवरून बोट फिरवत खालपर्यंत पाहिलं.