कोणती देवी आली म्हणून

नातीच्या हेवी मेटलच्या जलशाला दरवर्षी तीच तीस पोरं यायची. यंदा कनेरगाव नाक्यावरच्या ढाबेवाल्यानं तिला बजावलं, नवी माणसं आली नाहीत तर पुढच्या साली जलशाला माझं गोदाम मिळणार नाही.

मागच्या साली मी तो कार्यक्रम पाहिला होता. गिटारी करकरतात, गाणारा खेकसतो आणि ऐकणारे केस सोडून माना घुमवतात. मला माझं तरुणपण आठवलं. आरतीच्या वेळी माझ्या अंगात यायचं, तेही धुण्याची रास पडली की बराबर. कसली बावळट होते मी. नुसती मान हलवायची असली तरी देवीचं नाव पुढं करायचे.

म्हणून गल्लीतल्या बायांना सांगितलं, "चला. तिथं केस सोडून घुमा, कोणती देवी आली म्हणून कुणी इचारत न्हाई."

टेम्पो भरून बाया आल्या. ड्रम सुरू झाल्यावर शेजारीण कानाशी आली. "आक्का, नारळ आणलाय. कुणापुढं फोडू?"

"कुणापुढं न्हाई. घरी जाऊन चटणी कर."

तिनं नारळ माझ्या हातात दिला आणि अंबाडा सोडला.

ढाबेवाला माणसं मोजायला आला, तर पुढं त्याचीच बायको घुमत होती. मोजणं तिथंच राहिलं. गोदाम न देण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.