अब्बांच्या खांद्यासाठी अम्माची गोळी

किकवीजवळ हायवेला अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेची मशीन आणि पाण्याचं टाकं. ट्रकचं टायर रिममधून काढायचं तर लोखंडी टॉमी अडकवून सगळं अंग टाकावं लागतं. हायवे रुंद करायचं काम चालू होतं त्या वर्षी एका डंपरच्या टायरवर टॉमी निसटली आणि अब्बांचा उजवा खांदा उखडल्यासारखा झाला. त्यांनी टॉमीला शिव्या घातल्या आणि डाव्या हातानं ते टायर पुरं केलं. मग कित्येक महिने बाम, शेक आणि मार्गासनीच्या एका चोळणाऱ्याकडे खेपा. आमच्या घरातलं माणूस उचलून न्यायची वेळ आल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही.

शेवटी पुण्याला नेलं तेव्हा खांद्यातली शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी, तुटलेली निघाली. ऑपरेशन करून ती शिवली. पण फार उशीर झाल्यामुळे तो स्नायूच आतून, जखम भरल्यावर राहतो तसा, चट्टा धरून कडक होत चाललाय, हात किती वर जाईल ते सांगता येत नाही, व्यायाम करत राहा, असं डॉक्टर म्हणाले.

हात किती वर गेला हे आमच्या घरात रोज दिसायचं. नमाजला उभं राहिलं की दोन्ही हात कानापर्यंत न्यायचे असतात. अब्बांचा डावा कानाशी पोचायचा, उजवा छातीशीच अडायचा. तेवढ्या हातानं टॉमी मारता येत नाही, म्हणून दुकान बंद होतं. अम्मा दाराआडून बघत उभी राहायची. तिला अब्बांच्या हाताशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पुण्याच्या पुढच्या खेपेला अब्बा बाहेर सदरा चढवत असताना तिनं डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, मांस असं कडक होऊ नये म्हणून काही औषध नाही का. डॉक्टर तरुण होते आणि बोलके होते. ब्लडप्रेशरच्या एका गोळीवर बाहेरच्या देशात प्रयोग चाललेत, म्हणाले, उंदरांच्या स्नायूत तिनं चट्टा कमी धरतो, पण माणसाचं अजून काही नक्की नाही. अम्माला बीपी होतंच. तिनं पिशवीतून आपली गोळी काढून दाखवली. डॉक्टर हसले. हीच ती, म्हणाले, पण ह्यांना देऊ नका, ह्यांचं बीपी चांगलं आहे. घरी येऊन अम्मानं आम्हाला उंदरांपर्यंतचं सगळं सांगितलं आणि पुढचं गिळून टाकलं.

तिच्या गोळ्या भोरचे डॉक्टर महिन्याच्या मोजून पुडीत द्यायचे. जास्त मागितल्या तर त्यांनी कारण विचारलं असतं. म्हणून तिनं आपल्यातल्याच वाटून घेतल्या, एक दिवस तिला, एक दिवस अब्बांना, त्यांच्या दुखण्याच्या गोळ्यांत मिसळून. हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की उठून उभं राहताना अब्बांना अंधारी येते आणि अम्मा अशक्तपणा म्हणून त्यांना अंडी खाऊ घालते.

व्यायाम मी करून घ्यायची. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, दाराच्या चौकटीवरून दोरी टाकून डाव्या हातानं उजवा ओढायचा. अब्बा कळवळायचे आणि मला कसाई म्हणायचे. पण हात चढत होता. छातीवरून खांद्याला आला, मग हनुवटीला, आणि एका सकाळी कानाच्या पाळीला लागला. अम्मा दाराआड पदर तोंडात धरून रडली. गोळी लागू पडतेय म्हटल्यावर तिनं स्वतःची गोळी सगळीच बंद केली आणि रोजची अब्बांना द्यायला लागली.

दुकान उघडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत अम्मा कणीक मळता मळता कलंडली. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. भोरच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, गोळ्या चुकवल्या होत्या का. अब्बांनी छातीठोक सांगितलं, एक पण न्हाई. अम्मानं डोळे मिटून घेतले.

घरी आणल्यावर जीभ जराशी सुटली तेव्हा तिनंच सांगितलं, तुटक तुटक, पण मोठी बाजी मारल्यासारखं. मला असा संताप आला की मी उठून बाहेर गेले. आजही येतो. तिचा, आणि त्या बोलक्या डॉक्टरांचाही.

अब्बा मला घेऊन पुण्याला गेले आणि त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगून सरळ विचारलं, हात गोळीनं आला का. डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, हात व्यायामानं आला, गोळीचा त्यात काही संबंध असेल असं मला वाटत नाही. परतताना एसटीत अब्बा उजवा हात मांडीवर टाकून त्याच्याकडेच बघत बसले होते.

घरात शिरलो तर अम्मा खाटेवरून दाराकडेच डोळे लावून होती.

"काय म्हन्ले डाक्टर?"

"हात बरा हाय म्हन्ले."

"गोळीनंच ना?"

मी काही बोलणार तोच अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या उशाशी बसले.

"व्हय," म्हणाले, "तुज्या गोळीनंच."

ती अर्ध्या तोंडानं हसली. पुढं ती जगली तोवर अधूनमधून हेच विचारायची, आणि अब्बा दुकानात असले की ते उत्तर मला द्यावं लागायचं.