हळदीवर आलेला आळ

बंगल्यातल्या बाई तोंडाला लावायच्या वस्तू फ्रीजमध्ये ठेवायच्या. दुधाच्या पिशवीशेजारी, दारातल्या कप्प्यात, ओळीने. मला पहिल्यांदा ते औषधच वाटलं होतं. किहीमचा तो बंगला मी बारा वर्षं सांभाळतो. मालक मुंबईचे, महिन्यातून एकदोनदा यायचे. बाकी दिवस चावी माझ्याकडे, पंप माझ्याकडे, नारळ उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे. माझ्या हातून कधी काही गेलं नाही, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला. "आम्ही आता दोन महिने येणार नाही. फ्रीज रिकामा करून बंद ठेवा. आत खायचं काय असेल ते टाकून द्या."

खायचं, असं त्या म्हणाल्या होत्या. मी मात्र सगळंच काढलं. त्यात एक डबी होती, जाड पांढऱ्या काचेची, सोनेरी झाकणाची, तळहातावर घेतली की वजन जाणवणारी. आतलं मलम जेमतेम दोन बोटं वापरलेलं. बाकीच्या बाटल्या मी धुऊनपुसून खोक्यात भरून ठेवल्या आणि ही खिशात टाकली. फेकायला सांगितलंच आहे, असं मनाशी म्हटलं. पण फेकायची वस्तू माणूस रुमालात गुंडाळत नाही.

बहिणीच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. भावोजी ट्रेलरवर ड्रायव्हर, घरी असले तर असले. त्यामुळे त्या घरातली पुरुषमाणसाची कामं माझ्याच अंगावर. आणि मामा म्हटल्यावर भाचीला काहीतरी वेगळं द्यावं अशी हौस होतीच. मी डबी तिच्या हातात ठेवली, तर ती उडालीच.

"मामा, ही कुठून आनलीस?"

"एका ठिकानावरना. तुला काय करायचाय? आयशीला दाखवू नको. कुनालाच नको."

"लावायची कशी?"

डबीवर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं, कुठल्या तरी परदेशी भाषेत. तिला ते येत नव्हतं, मला तर नाहीच. मला एकच ठाऊक होतं, आमच्याकडे तोंडाला काय लावतात आणि कसं लावतात. म्हणून मी सांगितलं, "हळद लावतो तशी लाव. जाड. सुकू दे. म्हागाची वस्तू हाय, लगेच धुऊन घालवू नको."

तिने तसंच केलं. सकाळ-संध्याकाळ. आणि दुपारी उन्हातून स्कूटीवर अलिबागला खरेदी.

चौथ्या दिवशी ती मला गोठ्यामागे बोलवून म्हणाली, "मामा, झोंबतंय." गालावर लाली होती. मी म्हटलं, "काम करतंय ते. मळ निघतोय." हे मी कुठे ऐकलं होतं, देव जाणे. कदाचित कुठेच नाही.

आमच्यात लग्न लावायला पूर्वीपासून धवलारीण येते. ती भट नव्हे, आमच्यातलीच एक बाई. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं. ते गाणं म्हणजे धवला, आणि तेच आमचे मंत्र. आता बरेच लोक भटजीच बोलावतात. पण आमच्या गावची म्हातारी सगळ्यांना हवी असायची. तिच्याच हाताने माझी हळद लागली, माझ्या बहिणीची लागली. हळदही तिच्याच परसातली. ती कंद उकडून, वाळवून ठेवायची आणि लग्नघरच्या जात्यावर पाच सवाष्णींकडून दळून घ्यायची. पुड्यातली हळद तिला चालायची नाही.

भाचीला तिने संध्याकाळी मांडवात हळद लावली. पोरगी एकदा "स्स्" करून मागे सरकली. बायका हसल्या. "आताच अशी करतंस, उद्या काय करशील गो?" मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. मी हसलो नाही, एवढं आठवतं.

सकाळी बहिणीची हाक ऐकून धावलो. पोरीचे डोळे सुजून बारीक झालेले, गाल कच्चे लाल, हनुवटीवरची साल सुटलेली, आणि त्या सगळ्यावर पिवळा रंग. लग्न त्याच दिवशी संध्याकाळी होतं.

अलिबागला चामडीच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिंग लावून बघत म्हणाल्या, "हळद हे शेवटचं कारण असेल. कातडी त्याआधीच सोललेली आहे, सात-आठ दिवसांचं काम दिसतंय. चेहऱ्याला काय लावत होतीस?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटीच्या चावीकडे पाहिलं.

"काय न्हाय. पावडर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ह्यांना कळलं. घरी परतताना मला सगळीकडे तसंच वाटत होतं. पोरगी मागे बसून आईला फोनवर काय सांगतेय, बहिणीने उशीखालची डबी पाहिली असेल का, भावोजी नेमके आजच लवकर का आले. दुसऱ्यावर संशय घ्यायला चोरासारखं कोणी नाही.

दुपारी नवऱ्याकडची दोन माणसं बघायला आली. नवऱ्याचा काका आणि आत्या. काका पाणी पिऊन खुर्चीत बसला. आत्या बसली नाहीच. तिने पोरीची हनुवटी उचलून उजेडाकडे केली.

"ह्या आधीपासनाचा हाय का काय? आमाला कुनी बोलला न्हाय."

बहीण म्हणाली, "विहीणबाई, देवाशपथ. परवापर्यंत तोंड बघाल तर..."

"परवाचा आमी काय बघायला गेलो? डाग लपवून पोरगी देतात, असा पन असतो."

पडवीत चाळीस माणसं असतील. भावोजी उठून उभे राहिले आणि परत बसले. लग्न मोडतंय हे मला स्पष्ट दिसत होतं. ते वाचवायचे दोन रस्ते होते. एक माझा होता. मी दुसरा घेतला.

मी म्हणालो, "हळदीचा रंग मला काल जरा वेगलाच वाटला होता."

एवढंच. नाव कोणाचंच घेतलं नाही. पण आत्याबाईंचा हात पोरीच्या हनुवटीवरून खाली आला. "व्हय?" त्या म्हणाल्या, "मंग तसा सांगा ना." आणि काकांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. सगळ्यांनाच काहीतरी सापडल्यासारखं झालं. डाग आतला नाही, बाहेरचा. पोरगी चांगली आहे, हळद वाईट.

धवलारीण उंबऱ्याजवळ बसलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती आपला उजवा तळहात बघत होती, अजून पिवळा असलेला.

कोणीतरी तिला हळूच म्हणालं, "आये, आज ऱ्हाऊ दे." तिने आपलं सूप, नारळ, तांदळाची पुरचुंडी उचलली. अलिबागहून भटजी बोलावला. लग्न लागलं. भाचीने पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता, आणि फोटोवाला पुन्हापुन्हा म्हणत होता, "ताई, थोडा वर, थोडा वर."

दुसऱ्या दिवशी भाचीच्या उशीखालची डबी काढून मी खाडीत टाकली. ओहोटी होती. ती बुडाली नाही, चिखलात जाऊन बसली, सोनेरी झाकण वर. गुडघाभर रुतत जाऊन ती पायाने खाली दाबावी लागली.

महिन्याभराने बंगल्यातल्या बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "फ्रीजमध्ये एक काचेची डबी होती हो. टाकलीत ना?"

"हो, टाकली."

"बरं केलंत. इतकी महाग, आणि माझाच चेहरा भाजून निघाला तिने. आठवड्यातून एकदा, रात्री, दहा मिनिटं लावून धुवायची होती म्हणे. वर उन्हात जायचं नाही. तरी मला सोसली नाही. कोणाच्या हाती लागू नये, एवढंच."

फोन ठेवल्यावर मी पंपघरात जाऊन बसलो. तोपर्यंत मला म्हणायला जागा होती की कोण जाणे, हळदीनेही झालं असेल. ती जागा गेली. तरी मी बोललो नाही. भाचीचा चेहरा दोन-तीन महिन्यांत बराच निवळला, एका गालावर तपकिरी छटा राहिली. ती माहेरी आली की माझ्याशी नीट बोलायची. इतकी नीट, की मला वाटायचं, ही कधीतरी बोलणार. ती बोलली नाही. मी सांगितलेलं तिने पाळलं.

माझं वाक्य मात्र घरी बसलं नाही. पहिल्या वर्षी मी ऐकलं, म्हातारीची हळद जुनी होती, भुंगा लागलेली. पुढच्या वर्षी ऐकलं, तिला आता डोळ्यांनी दिसत नाही, बिब्ब्याचं तेल असलेल्या हाताने तिने हळद कालवली. त्यानंतर करणीपर्यंत गेलं. लोकांनी तिला बोलावणं सोडलं. वाटेत ती दिसली तर मी मोटरसायकलचा वेग वाढवायचो.

गेल्या साली माझ्या मुलीचं लग्न ठरलं. धवलारणीचा विषय मीच काढला तेव्हा बायको म्हणाली, "म्हातारी नको. तुमीच बघितला होता ना रंग? तुमच्या समोरचा हाय, आनी तुमीच इचारता?"

मी जेवत होतो. हातातला घास ताटात ठेवला आणि सांगितलं. सगळं. डबी, खिसा, रुमाल, गोठ्यामागचं बोलणं. बायको म्हणाली, "बाईंच्या फ्रीजातला आपल्या घरी आजून काय काय आलाय?" आणि उठून मसाल्याच्या फळीवरचे डबे एकेक उघडून बघायला लागली. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झालेली. मी काही आणलेलं नव्हतं, पण ते सांगायला माझ्याकडे तोंड कुठलं?

बहिणीला सांगितलं तेव्हा तिने मला चहा दिलेला होता. तिने तो कप उचलून आत नेला. आजही आम्ही कामापुरतं बोलतो.

मग म्हातारीकडे गेलो. ती अंगणात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत होती. मी उभ्यानेच बोललो, बसायची हिंमत झाली नाही. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही, हातही थांबवला नाही. संपल्यावर विचारलं, "मंजे हलद बरी होती?"

"बरी होती, आये."

"तवापासना मी परसात हलद लावली न्हाय. होती ती उकिरड्यावर घातली. मला वाटला, माझ्या हातातच काय आला. नातवाला पन मी तेल लावला न्हाय कवा. सून बोलायची, लावा आये, मी न्हाय लावला."

मी रडलो असं लिहिलं तर खोटं होईल. मला तिथून पळावंसं वाटत होतं.

"माझ्या मुलीच्या हळदीला ये," मी म्हणालो.

"मला काय सांगतंस? मला ठाव नव्हता तेवढा आता ठाव झाला. जिथं बोललास तिथं बोल. तवा चालीस मानसा होती." आणि मग जरा थांबून, "मंग बघू."

मुलीच्या हळदीला मांडवात माणसं चाळीसच्या दुप्पट होती. डीजेवाल्याने माईक दिला, त्याला वाटलं पाहुण्यांचे आभार मानायचे असतील. मी बोललो. कागद नव्हता. चोरी हा शब्द वापरला, कारण वापरायचाच असं ठरवून गेलो होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "काय दादा, बायकांचा मलम चोरलास?" आणि हसू फुटलं. ते हसू करणीच्या गोष्टीपेक्षा बरं होतं. भाची पुढच्या रांगेत होती, मांडीवर मूल. ती म्हणाली, "मामा, बस झाला आता. माईक दे डीजेवाल्याला." तिचे सासरचे शेजारीच बसले होते. आत्याबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, भाचीच्या गालाकडे बघत होत्या, जसं काही पहिल्यांदाच.

म्हातारी आली होती. तिच्याबरोबर धवल्याची ओळ झेलणारी, दुसऱ्या आवाजाची बाई असायची, ती आता दुसऱ्या गावाला, भटजी लावतो त्या लग्नांत भांडी घासायला जाते, असं कळलं. त्यामुळे तिने एकटीनेच सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता. जातं फिरत होतं. हळद तिच्या परसातली नव्हती, उसनी आणलेली.

ताट माझ्या मुलीपुढे आलं. म्हातारीने चिमूटभर हळद घेतली, पण ती मुलीच्या गालाला लावली नाही. स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, पातळ कातडीवर चोळली आणि हात तसाच धरून थांबली. गाणंही थांबलं. सगळ्यांना कळलं की ती काय बघतेय. कोणी घाई केली नाही, डीजेवाल्यानेही बटणाला हात लावला नाही. मी तिच्या समोर, चार हातांवर, तिच्या मनगटाकडे बघत उभा होतो.