देव्हाऱ्यातली लॅटिन पोथी

काही गंध नाकाला कळण्याआधी मनाला कळतात. नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडलं, की आधी एसीचा गारवा अंगावर येई, मग उदबत्तीचा दरवळ, आणि उदबत्तीच्या आडून एक तिसराच वास! जुनाट, उबदार, किंचित आंबूस. मला तर पावसात भिजून खुंटीला वाळत पडलेली कोल्हापुरी चप्पल आठवे. आणि तुम्हाला म्हणून सांगते, तो वास येई आमच्या देव्हाऱ्यातून. देव्हाऱ्यात चप्पल नव्हती. पण जे होतं ते चपलेच्या सख्ख्या नात्यातलंच होतं.

त्याचं असं झालं. ह्यांच्या ऑफिसातले हेन्रीसाहेब नावाचे वयस्कर इंग्रज गृहस्थ दोन महिन्यांच्या रजेवर मायदेशी निघाले होते. पाद्री असलेल्या काकांकडून त्यांना वारशानं एक पोथी आली होती: लॅटिन भाषेतली, हाती लिहिलेली, सहाएकशे वर्षांपूर्वीची, ईश्वराच्या स्वरूपाची चर्चा करणारी. फ्लॅट बंद म्हणजे एसी बंद, आणि मस्कतचा उन्हाळा बंद घराची भट्टी करतो. तशा उष्म्यात पोथीची पानं आखडतात, उठून बसतात. तुमच्याकडे माणसं आहेत, गारवा आहे, तिच्यावर फक्त काहीतरी वजन ठेवा, असं म्हणून त्यांनी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. पानं का आखडतात, असं मी सहज विचारलं आणि पस्तावले. कारण ती पानं कागदाची नव्हती. वासराच्या कातड्याची होती!

साहेब मग रंगातच आले. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, चौकटीवर ताणायचं, दोन्ही अंगांनी खरवडायचं, घासून गुळगुळीत करायचं, रेघा आखायच्या आणि मगच हंसाच्या पिसाचं टोक शाईत बुडवायचं. एका पोथीला कळपच्या कळप लागायचा म्हणे. कल्पना करा, कुठल्या तरी थंडगार मठात बोटं गारठलेला एक संन्यासी ईश्वराच्या अगाध करुणेवर ओळींमागून ओळी लिहितो आहे, आणि ज्याच्या पाठीवर लिहितो आहे त्या वासराला त्या करुणेचा पत्ताच नाही! पहिल्या पानावर मालकांची नावं होती. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं खरवडून काढलेलं, त्यावर तिसऱ्यानं आपलं ठोकलेलं. खाली चोराला शाप होता, की ही पोथी पळवणारा थेट नरकात जाईल. तो ऐकल्यावर ह्यांनी टेबलापासून खुर्ची जराशी मागे सरकवली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई व्हिजिटवर आल्या. मी घाईघाईनं पोथी कपाटात दडवली.

सासूबाई रत्नागिरीकडच्या, गळ्यात तुळशीची माळ. सोवळं इतकं कडक, की ह्यांनी ऑफिसला जाताना देवाला नमस्कार करायचा तो कमरेचा पट्टा बाहेर काढून. "कातडं लावून देवापुढे येऊ नको रे विनू," ही त्यांची सकाळची भूपाळी. सासरे जाऊन दोनेक वर्षं झाली होती. गावच्या भजनात ते मृदंग वाजवायचे. त्यांच्या माघारी घरात कोण वाजवणार म्हणून ह्यांनी तो भजनी मंडळाला देऊन टाकला होता. त्या वेळी सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. त्या एरवीही फारसं बोलत नसत, सोवळ्याचा विषय सोडून.

तर अशा माउलीनं आल्या दिवशी कपाट उघडलं आणि पोथी हातात घेतली. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काय गो हे?" मी कपाट लावायला धावले. आमचे हे मात्र प्रसंगावधानी! म्हणाले, "साहेबांचा धर्मग्रंथ आहे, आई. फार जुना." झालं! देवाचं पुस्तक आणि कपाटात कोंबलंय? तासाभरात ती पोथी गणपतीच्या शेजारी, पाटावर, धुतल्या वस्त्रावर विराजमान झाली. वर वजन म्हणून सासूबाईंची स्वतःची रोजच्या वाचनातली पोथी! खरं सांगू का, एसीचा झोत तिथे नेमका पोचत होता; हेन्रीसाहेबांनासुद्धा याहून चांगली जागा सुचली नसती. कुंकू तेवढं आम्ही थोपवलं, त्यांच्यात लावत नाहीत म्हणून.

आता आमची अवस्था पाहा. कमरेवरचं वासरू दाराबाहेर आणि पाटावरच्या वासराला रोज ताजं फूल! हे कळलं तर सासूबाई अन्नपाणी सोडतील, मिळेल त्या विमानानं परत जातील, आणि आयुष्यभर या घरचं पाणी पिणार नाहीत, यात मला तिळमात्र शंका नव्हती. कळू देऊ नये एवढाच आमचा उन्हाळी उद्योग होऊन बसला. आमची सई तेव्हा तिसरीत, वादी कबीरच्याच शाळेत. तिचं मराठी अडखळत चाले, पण नको तिथे बरोबर पोचे. "आजी, ते ना, बेबी काऊचं..." एवढं तिच्या तोंडून निघालं आणि मी तिला उचलून स्वयंपाकघरात नेलं. तिथे तहाची बोलणी झाली. ती गप्प बसेल, पण तिला कोंबडीचा शावर्मा पाहिजे. माळकरी घरात शावर्मा! एक पाप झाकायला दुसरं, पण दिला.

एका सुट्टीला निझवा गावी फिरायला गेलो तर बाजाराच्या तोंडाशीच कातडी सामानाची दुकानं. सासूबाईंनी पदर नाकाला लावला नि ह्यांनी गाडी वळवली. मी मनात म्हटलं, बाई गं, घरी गेल्यावर काय करशील?

एक गोष्ट मात्र मला उमगत नव्हती. रोज संध्याकाळी सासूबाई भिजवलेल्या कणकेचा सुपारीएवढा गोळा त्या पोथीपुढे ठेवत. कच्च्या कणकेचा नैवेद्य? असेल गावाकडची रीत, म्हणून मी विचारलं नाही. विचारायला जावं आणि विषय भलतीकडे वळावा, ही भीती.

दोन महिन्यांनी हेन्रीसाहेब खजूर घेऊन हजर. पोथी फुलात न्हालेली पाहून त्यांचे डोळे भरून आले. आणि कृतज्ञतेच्या भरात, हाय रे दैवा, ते सासूबाईंना पोथीची जन्मकथा सांगायला बसले! इंग्रजीत. ह्यांनी भाषांतराचं काम अंगावर घेतलं. साहेब वासराचं सांगत, हे म्हणत, "कागद उंची आहे म्हणतात." साहेब पानावरची केसांची बारीक छिद्रं बोटानं दाखवत, हे घाम पुसत म्हणत, "छपाई जुनी आहे म्हणतात." चुन्याच्या पाण्यापाशी आल्यावर सासूबाईंनी हात वर केला.

"विनू, पुरे झालं. कातडं आहे ते. मला पहिल्याच दिवशी कळलं."

ह्यांनी कसंबसं विचारलं, "आणि तरी देव्हाऱ्यात ठेवलंस?"

"कमरेला बांधलं की ते कातडं. देवाचं नाव घ्यायला लागलं की कातडं कसलं? मृदंगाला काय केळीचं पान ताणतात?" मग थोडं थांबून, पोथीवरून हात फिरवत म्हणाल्या, "ह्यांच्या मृदंगाचा वास येतो रे हिला. डावं तोंड घुमावं म्हणून त्याला लावायची कणीक रोज मीच भिजवून द्यायचे. तू तो देऊन टाकलास, मी काय बोलणार? इथे आले, कपाट उघडलं, आणि वाटलं, हे आलेच भजनाला बसायला."

साहेबांना एक शब्दही कळला नसावा. पण या वेळी ह्यांनी खरं भाषांतर केलं, अगदी सावकाश. ऐकून साहेब उठले आणि त्यांनी पोथी सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी तिचा पोटभर वास घेतला, वस्त्रात गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं परत दिली. पहिल्या पानावर नावं खरवडणाऱ्या त्या सगळ्या मालकांमध्ये इतक्या सहज पोथी सोडणारं कुणी असेल का हो?

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर गारवा होता, उदबत्ती होती, तिसरा वास नव्हता. मला त्या भिजल्या चपलेची चक्क आठवण आली. हे मृदंग परत मागायला गावच्या भजनी मंडळाला फोन लावत बसले होते. मी पोळ्यांची कणीक भिजवली आणि कुणी सांगण्याआधी एक गोळा बाजूला काढून ठेवला.