सोऱ्याला येणारा वास
चकलीच्या सोऱ्याला अजूनही बंदुकीच्या तेलाचा वास येतो, असं मला दर दिवाळीला वाटतं. सात-आठ वर्षांपूर्वी असेच दिवाळीच्या तोंडावर मी आणि बायको कॅनडातल्या सरेहून बॉर्डरपलीकडे अमेरिकेत ताईकडे गेलो होतो. भावोजींना आणि मला, दोघांनाही नेमबाजीचा छंद. दुपारभर त्यांच्या गराजमध्ये आम्ही त्यांच्या बंदुकीचा सायलेन्सर उघडून आतली काजळी घासत बसलो. तिकडे तो नोंदणी करून ठेवता येतो. कॅनडात आणला तर तुरुंगच. भावोजींनी तो पुसून, तेल लावून जुन्या पंचाच्या तुकड्यात गुंडाळला. निघताना ताईने तिचा जुना सोऱ्याही तसल्याच तुकड्यात गुंडाळून बायकोच्या पिशवीत घातला. परतताना बॉर्डरच्या रांगेत हीटर लावला आणि गाडीभर तोच तेलाचा उग्र वास पसरला. ताईने चुकून सोऱ्याऐवजी सायलेन्सरचीच नळी दिली असेल तर? मागे वळायला जागा नव्हती. खिडकीतल्या अधिकारी बाईने पिशवीकडे बोट दाखवलं. "व्हॉट्स इन द क्लॉथ?" मी पटकन बोलून गेलो, "आय डोंट नो. इट्स हर्स." बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे पंचा सोडला. आत सोऱ्याच होता. त्याचे अडकलेले आटे भावोजींनी बंदुकीचंच तेल घालून सैल केले होते. आता सोऱ्या कुणाचा, असं कुणी विचारलं की बायको माझ्याकडे बघत म्हणते, "माझा. यांना काही माहीत नाही."