आजीचं माहेर आणि माझी सही

नव्वदचं दशक संपता संपता आजी विसरायला लागली. सुरुवातीला ते तिलाही कळत होतं. "उद्या मी येडी झाले तर महं कोण बघंल?" असं तीच म्हणाली. वडिलांना अक्षरओळख नव्हती. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून पुसेगावहून सेनगावला जाऊन तिनं माझ्या नावानं मुखत्यारपत्र केलं. तिच्या वतीनं सही करायचा अधिकार मला मिळाला. शाईचं बोट पुसत ती हसली, "आता महा अंगठा तूच."

दोन-तीन वर्षांत ती आम्हाला ओळखेनाशी झाली. उरलं ते फक्त माहेर, शिरड शहापूर, आणि तिचा धाकटा भाऊ बापू.

त्याच सुमारास हेच बापू आजोबा निरोप धाडून आले. हातात साडीचोळी होती आणि कागद होते. त्यांच्या शेतात आजीचंही नाव लागलेलं होतं. मुलांच्या वाटण्या करायच्या, तर तिनं हक्क सोडायला हवा होता. आमच्याकडं बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडीचोळी करतो आणि माहेरचं दार उघडं राहतं.

त्यांनी साडी आजीच्या मांडीवर ठेवली. तिच्यावरून हात फिरवत आजीनं त्यांनाच विचारलं, "बापूनं धाडली का? सोता काहून आला न्हाई?"

आजोबांनी तोंड फिरवलं. कागद माझ्याकडं सरकवत म्हणाले, "कर बाई सही. मुखत्यार हाईस ना तिची?"

"आजोबा, मी वकिलांना इचारलं. तिला कळंनासं झाल्यावर हा कागद चालत न्हाई म्हणतेत."

"आन् ती शानी असती तर?"

"लगेच अंगठा दिला असता तिनं."

"मंग?"

मी कागद घडी घालून त्यांच्यापुढं ठेवले.

"कॉलेजात हेच शिकवतेत व्हय?" ते उठले. "उद्या सख्ख्या भावालाबी असंच करशील."

चहा तसाच राहिला. साडी मात्र त्यांनी परत नेली नाही.

पंचमीला लेकी माहेरी जातात. आजीनं आईकडून तीच साडी नेसवून घेतली, पिशवीत फणी न् लुगडं भरलं आणि दारात बसली. जीपचा आवाज आला की उठायची. वडिलांनी शिरडला निरोप दिला होता, पण कुणी आलं नाही. दुपारी तिला रडू फुटलं. "मह्यावर रुसला का गं बापू?"

मी पिशवी उचलली. "चल आजी, मला बापूनंच धाडलंय."

तिचा हात धरून मी गावाला वळसा घातला आणि मागच्या गल्लीनं आमच्याच घरी आणलं. अंगणातल्या कडुलिंबाला पोरांनी झोका बांधला होता. तो बघून आजी हसली. आईला "वैनी" म्हणाली, पाणी मागून प्याली. मग घरभर नजर फिरवली.

"बापू कुठंय?"

आई माझ्याकडं बघायला लागली.

"शेतात गेलाय," मी म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत ती वाटेकडं तोंड करून बसली होती.