अकराशे दोनचा इंटरकॉम

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत चिंचेखाली बाई दिसते असं सगळी गल्ली सांगायची, आणि मी त्याच चिंचेखाली अंधारात जाऊन चिंचा पाडून आणायची. तेव्हा हे वाचून "रेहानाताई, तुम्ही पण?" असं विचारू नका. मी फक्त झालं तसं सांगतेय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पेठेतलं घर सोडून शहराबाहेरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. बारा मजले, आमचा फ्लॅट अकराशे दोन. माझ्या मिस्टरांचा — सलीमचा — टेम्पोचा धंदा आहे. आयुष्यभर तळमजल्यावर राहिलेला माणूस, त्यामुळे पहिले दोन महिने गॅलरीत गेला की रेलिंगला टेम्पोच्या स्टेअरिंगसारखा धरून उभा राहायचा.

सोसायटीचे चेअरमन गायकवाड साहेब. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, अतिशय शिस्तीचे. एवढ्या उंचावर माणसं राहतात, उद्या आग लागली, भूकंप झाला तर काय, ही काळजी त्यांना खरोखर झोपू द्यायची नाही. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "सेफ्टी मेंबर कोण होणार?" तेवढ्यात मला शिंक आली म्हणून मी रुमाल धरून हात वर नेला... आणि झाले सेफ्टी मेंबर.

मग मॉक ड्रिल ठरलं. रविवारी, बरोब्बर सकाळी दहा वाजता. मी माझ्या मजल्यावरच्या लाल डबीतलं बटण दाबायचं, भोंगा वाजला की सगळ्यांनी जिन्याने उतरून पार्किंगमधल्या गोलात जमायचं. तो पांढरा गोल साहेबांनी स्वतः उन्हात बसून रंगवला होता. आत मोठ्या अक्षरात 'असेंब्ली पॉइंट'. साडेदहाला अग्निशमनवाले मार्गदर्शनाला येणार, नंतर चहा आणि उप्पीट.

त्या दिवशी पहाटेच नळाला पाणी आलं होतं. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे आलं की भांडं, बादली, टाकी, सगळं काठोकाठ. गच्चीवर बिल्डरनं मागाहून बांधून दिलेली विटांची जादा टाकीसुद्धा तुडुंब.

पावणेदहाला मी डोक्यावर ओढणी पिनअप करत होते आणि हॉलमधला इंटरकॉम वाजला. वरच्या मजल्यांचे इंटरकॉम अजून जोडायचे राहिले होते. पण मी आदल्या दिवशी सांगोल्याला बहिणीकडे गेले होते. म्हटलं तेव्हा माणूस येऊन जोडून गेला असेल. बाथरूममधून दाढी करता करता सलीम ओरडला, "फोन उठाव की!"

मी उचलला. पलीकडे म्हातारा, वैतागलेला आवाज. "अकराशे दोन का? भोंगा वाजवा."

"साहेब, दहाला अजून पंधरा मिनिटं आहेत..."

"दहाची वाट बघू नका की! आत्ता वाजवा. आणि त्या गोलात कुणालाही उभं करू नका. गेटाबाहेर लिंबाच्या झाडाखाली न्या सगळ्यांना. ऐकू येतंय का?"

मला वाटलं गायकवाड साहेबच, सर्दी झालेले. "हो साहेब" म्हणून मी गेले आणि बटण दाबलं.

पुढचा प्रकार काय सांगू! अर्धी बिल्डिंग अंघोळीत. कोणी टॉवेलवर, कोणी तोंडाला फेस घेऊन. माझे मिस्टर एका गालाची दाढी करून. नवव्या मजल्यावरचे गड्डम आजोबा, जन्म गिरणीत गेलेला, ते चक्क जेवणाचा डबा घेऊन उतरले, तेही लिफ्टनं.

"आजोबा, आगीत लिफ्ट वापरायची नसते!"

"आग खोटी हाय की ताई," ते म्हणाले. "गुडघे खरे हायत."

"आणि डबा कशाला?"

"भोंगा झाला की डबा घ्यायचा. एवढंच माहिताय आपल्याला."

मी ओरडून ओरडून सगळ्यांना गेटाबाहेर लिंबाखाली नेलं. लोक कुरकुरत होते, पण आले. आले नाहीत ते एकटे गायकवाड साहेब. हातात हजेरीची फाइल, गळ्यात शिट्टी, आणि त्या पांढऱ्या गोलाच्या मधोमध एकटेच उभे. रागानं लाल.

मी परत आत गेले. "साहेब, चला ना बाहेर."

"असेंब्ली पॉइंट हा आहे! आणि भोंगा लवकर कुणाच्या परवानगीनं वाजवला?"

"तुम्हीच तर फोन केला. इंटरकॉमवर."

"मी? अहो, मी साडेआठपासून इथं खाली उभा आहे. माझ्याकडं मोबाइलपण नाही, वर चार्जिंगला आहे."

मग तो आवाज कुणाचा? साहेब बोलतच होते — नियम, शिस्त, कलम अमुक — आणि मला फक्त एवढंच ऐकू येत होतं... गोलात कुणालाही उभं करू नका. समजावत बसले असते तर दुपार झाली असती. हा माणूस नियम सोडणार नाही, पण हजेरीही सोडणार नाही, हे मला तिथं कसं सुचलं देव जाणे. मी त्यांच्या हातातली फाइल हिसकावली आणि गेटाकडे पळत सुटले. वय वर्षं पंचावन्न, पायात घरातल्या सपाता!

"अहो मॅडम! हजेरी! हजेरीपत्रक!" साहेब माझ्यामागे. लिंबाखालून टाळ्या, शिट्ट्या. आम्ही दोघं गेटापाशी पोचतो न पोचतो तोच मागे असा आवाज झाला की माझ्या हातून फाइलच पडली. गच्चीवरच्या त्या जादा टाकीची भिंत फुटली होती. विटा, सिमेंटची ढेकळं आणि टाकीभर पाणी, सगळं बारा मजले खाली. थेट गोलात. 'असेंब्ली पॉइंट'मधलं एक अक्षरसुद्धा दिसत नव्हतं.

टाळ्या थांबल्या. मी तिथंच फुटपाथवर बसले, तोंडातून नुसतं "या अल्लाह, या अल्लाह". साहेब माझ्या शेजारी बसले. त्यांना गळ्यातली शिट्टी काढता येईना, ती मी काढली. गड्डम आजोबांनी डबा उघडून भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी दोघांच्या हातावर ठेवली. आम्ही ती खाल्ली.

साडेदहाला अग्निशमनवाले ठरल्याप्रमाणे आले. त्यांच्या प्रमुखांनी तो ढिगारा बघितला आणि म्हणाले, "साहेब, ड्रिलसाठी एवढं खरं करायची गरज नव्हती."

एकालाही खरचटलं नाही. टाकी फुटली तेव्हा सव्वादहा वाजले होते. ड्रिल दहाला झालं असतं, तर त्या वेळी सगळी बिल्डिंग, लेकराबाळांसकट, त्या गोलात उभी असती.

वर आल्यावर मी आधी इंटरकॉम उचलला. आत साधी खरखरसुद्धा नाही. सलीमनं तो भिंतीवरून काढून उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. मागं वायरच नव्हती. भिंतीतला पाइप सिमेंटनं बुजलेला.

"तारच नै है, रेहाना," तो म्हणाला. अजून एकाच गालाची दाढी. "बजी तो मैं बी सुन्या. लेकिन तारच नै है."

वायरमनला विचारलं. तो म्हणाला, शनिवारी मी अक्कलकोटला होतो. माझा मोबाइल तपासला, त्या वेळेला एकही फोन नाही. कुणी चेष्टा केली म्हणावं तर टाकी फुटणार हे त्याला कसं ठाऊक? आणि ठाऊक होतं तर एवढ्या माणसांतून मलाच का?

आठवड्यानं अग्निशमनवाल्यांचा चौकशीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता : 'धोक्याची पूर्वसूचना कोणी दिली?' मी तो कोरा ठेवून फॉर्म सहीसाठी साहेबांकडे पाठवला. परत आला तेव्हा त्यात सुवाच्य अक्षरात 'श्री. गायकवाड, चेअरमन' असं लिहिलेलं होतं.

मी हरकत घेतली नाही. दुसऱ्या कुणाचं नाव लिहिणार होते मी?